१६ × ११ फुटांच्या हॉलमध्ये ५.१ ध्वनिव्यवस्था : आईला संवाद स्पष्ट ऐकू यावेत यासाठी मार्गदर्शन हवे आहे

इंदिरानगरवासी :

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये इंदिरानगर भागात आमची दोन बेडरूमची सदनिका असून सध्या तिच्या हॉलचे नूतनीकरण चालू आहे. फरशी बदलून झाली आहे, टीव्हीमागच्या आणि सोफ्यामागच्या भिंतींचे प्लास्टर काढलेले आहे आणि वायरमन पुढच्या आठवड्यात नवे पाइप टाकणार आहे. भिंती उघड्या आहेत तोवरच सराउंड साउंडच्या तारा आतून घालून घ्याव्यात असा विचार आहे, कारण एकदा रंग लागल्यावर पुन्हा तोडफोड करायला घरात कोणीही तयार होणार नाही.

हॉल १६ फूट लांब आणि ११ फूट रुंद आहे. टीव्ही १६ फुटी भिंतीच्या मध्यावर असतो आणि सोफा समोरच्या भिंतीला अगदी टेकलेला असतो. सोफ्यावर बसले की उजव्या हाताला बाल्कनीचा सरकता काचेचा दरवाजा येतो, तर डाव्या हाताला भिंतच नाही. तिथून हॉल थेट जेवणाच्या जागेत उघडतो. छताची उंची साडेनऊ फूट आहे. नवी फरशी व्हिट्रिफाइड असल्यामुळे सामान हलवल्यापासून खोलीत बोललेले चांगलेच घुमते.

या खटाटोपाचे खरे कारण माझी आई आहे. ती ७४ वर्षांची आहे. मालिका आणि जुने चित्रपट पाहणे ही तिची संध्याकाळची हक्काची वेळ, पण टीव्हीच्या आवाजातले संवाद तिला आता लागत नाहीत. आवाज वाढवला की पार्श्वसंगीत आणि जाहिराती अंगावर येतात, मग घरातले कोणीतरी तो कमी करते. ती तक्रार करत नाही. ती फक्त सोफ्याच्या कडेला सरकते, हनुवटी थोडी पुढे काढते आणि पात्रांच्या ओठांकडे पाहत राहते. तिची बसायची जागा सोफ्याच्या डाव्या टोकाला आहे, कारण तिथून उठून स्वयंपाकघराकडे जाणे तिला सोपे पडते.

सगळे मिळून ८० हजारांपर्यंत खर्च करता येईल. साउंडबार (एकाच लांब पट्टीत बसवलेले स्पीकर) घ्यावा की रिसीव्हर (प्रत्येक स्पीकरला त्याचा आवाज वाटून देणारे यंत्र) आणि वेगवेगळे स्पीकर, मागे जागाच नसताना सराउंड स्पीकर कुठे लावावेत आणि भिंतीत नेमक्या कोणत्या तारा घालाव्यात, या तीन गोष्टींबद्दल जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

गोदाकाठ :

नमस्कार. मी काही वर्षे महाकवी कालिदास कलामंदिरात होणाऱ्या नाटकांसाठी ध्वनिसंयोजनात मदत करत असे आणि अलीकडे ओळखीच्या लोकांना घरच्या व्यवस्था लावून देतो. तुमच्या प्रश्नात सराउंडबद्दल पुष्कळ विचारणा आहे, पण आईंचे जे वर्णन तुम्ही केले आहे ते वाचून मला वाटते की तुमच्या घरातला सर्वांत महत्त्वाचा स्पीकर मधला, म्हणजे सेंटर स्पीकर आहे. बाकीचे सगळे त्यानंतर येते.

याचे कारण असे की ५.१ मध्ये पुढे डावा, मधला आणि उजवा असे तीन, बाजूला किंवा मागे दोन आणि खालच्या सुरांसाठी एक सबवूफर असतो, आणि चित्रपटातले बहुतेक संवाद मधल्या वाहिनीतच, म्हणजे मधल्या स्पीकरसाठीच्या स्वतंत्र ध्वनिमार्गातच, मुद्रित केलेले असतात. टीव्हीच्या दोन स्पीकरांतून ऐकताना ते संवाद डाव्या-उजव्यात सारखे वाटले जातात आणि आपल्या कानाला ते मधून आल्याचा भास होतो. हा भास बरोबर मध्यभागी बसणाऱ्यालाच नीट होतो. आई डाव्या टोकाला बसतात, म्हणजे त्यांना डाव्या स्पीकरचा आवाज आधी आणि जास्त मिळतो, उजव्याचा उशिरा मिळतो, आणि तेच शब्द दोनदा पोचल्यामुळे ते किंचित पुसट होतात. प्रत्यक्ष मधला स्पीकर असला की शब्द एकाच ठिकाणाहून निघतो आणि कोणत्याही जागेवर बसले तरी तो पडद्यावरूनच येतो. शिवाय रिसीव्हरमध्ये केवळ मधल्या स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवता येते, त्यामुळे संगीत आहे तेवढेच राहते आणि बोलणे पुढे येते. तुम्हाला नेमके हेच हवे आहे.

हा स्पीकर टीव्ही युनिटच्या बंद खणात कधीही ठेवू नका. उघड्या फळीवर ठेवलात तरी तो फळीच्या पुढच्या कडेपर्यंत ओढून घ्या, नाहीतर फळीच्या पृष्ठभागावरून परतणारा आवाज मूळ आवाजात मिसळतो आणि बोलणे डब्यातून आल्यासारखे वाटते. टीव्हीखाली असल्यामुळे तो कानापेक्षा खालीच राहणार. तेव्हा पुढच्या बाजूला रबराची पाचर देऊन त्याचे तोंड बसलेल्या माणसाच्या कानाकडे उचला.

आता मापे. सोफा भिंतीपासून किमान एक-सव्वा फूट पुढे घ्या, म्हणजे बसणाऱ्याचे कान भिंतीपासून सुमारे दोन फुटांवर येतील. भिंतीला डोके टेकलेले असले की मागून परतणारा आवाज लगेच कानावर आदळतो आणि खालचे सूर फुगतात. पुढचे स्पीकर समोरच्या भिंतीपासून एक फूट पुढे धरले, तर कान आणि स्पीकरांची रेषा यांत आठ फूट अंतर उरते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या ५.१ च्या शिफारशीत डावा आणि उजवा स्पीकर मध्यरेषेपासून प्रत्येकी ३० अंशांवर आणि सराउंड १०० ते १२० अंशांवर सांगितलेले आहेत. तुमच्या आठ फुटांना ३० अंशांचा हिशेब केला की दोन पुढच्या स्पीकरांत सव्वानऊ फूट अंतर येते. घरात ते आठ फुटांपर्यंत आणले तरी चालते, कारण तो कोन २६-२७ अंशांचा होतो आणि चित्राशी आवाजाचा मेळ राहतो.

सराउंडसाठी मागे जागा नाही याची काळजी करू नका. ५.१ मध्ये ते पाठीमागे लागत नाहीत, बाजूला आणि जरासे मागे लागतात. तुमच्या डावीकडे भिंत नाही आणि उजवीकडे काच आहे, म्हणून दोन्ही स्पीकर सोफ्यामागच्या १६ फुटी भिंतीवरच लावा. सोफ्याच्या मध्यापासून दोन्हीकडे प्रत्येकी साडेपाच फूट मोजा. कान भिंतीपासून दोन फूट पुढे असल्यामुळे तिथला कोन बरोबर ११० अंश येतो. उंची बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा दीड ते दोन फूट वर ठेवा, म्हणजे डाव्या टोकाला बसणाऱ्या आईंच्या कानाशी तो स्पीकर थेट बोलणार नाही. सोफा दोन्ही सराउंडांच्या मधोमध राहील याकडे मात्र लक्ष द्या.

काहीही विकत घेण्याआधी एक सुतळी घ्या, सोफ्यावरच्या मधल्या जागी तिचे टोक कोणाला तरी धरायला सांगा आणि पाचही जागांपर्यंत ती ताणून भिंतीवर खडूने खुणा करा. कागदावर सरळ दिसणारी जागा प्रत्यक्षात पडद्याच्या गुंडाळ्यामागे किंवा स्विचबोर्डावर येते, हे तेव्हाच कळते.

तारकाम :

गोदाकाठ यांनी जागांचे छान लिहिले आहे. मी नाशिकरोड भागात वायरिंगची कामे करतो, म्हणून तारांपुरते लिहितो.

स्पीकरसाठी शुद्ध तांब्याची, दोन पदरी, १.५ स्क्वेअर एमएमची तार पुरेशी आहे. तुमच्याकडे लांबची तार साधारण १० मीटर होईल. या जाडीच्या तांब्याचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो, म्हणजे जाण्यायेण्याच्या २० मीटरना पाव ओहमपेक्षा थोडा कमी. ६ ओहमच्या स्पीकरसाठी तो चार टक्के होतो आणि त्याचा आवाजावर जाणवण्याजोगा परिणाम होत नाही. २.५ ची घातली तर आणखी चांगले, पण ती रिसीव्हरच्या काही टोकांत बसवताना त्रास देते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार पुष्कळ विकली जाते आणि वरून ती हुबेहूब तांब्यासारखी दिसते. दुकानातच तिचा एक धागा ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढुरका रंग निघाला तर ती घेऊ नका. तिचा रोध जास्त असतो आणि भिंतीत घातल्यावर बदलता येणार नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या तारा विजेच्या पाइपमधून मुळीच नेऊ नका. म्हसरूळच्या एका घरात आधीच्या कारागिराने सबवूफरची केबल एसीच्या लाइनबरोबर एकाच पाइपमध्ये घातलेली मी पाहिली. एसी चालू केला की वूफरमधून सतत घूं असा आवाज येत असे आणि शेवटी नवी रंगवलेली भिंत फोडावी लागली. सबवूफरच्या केबलमधला संकेत अगदी क्षीण असतो, म्हणून ती शेजारच्या लाइनची ५० हर्ट्झची घरघर लगेच पकडते. शिवाय एकाच पाइपात दोन्ही असणे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही चुकीचे आहे. दोन पाइप समांतर जात असतील तर त्यांत फूटभर अंतर ठेवा, आणि एकमेकांना ओलांडायचेच असेल तर काटकोनात ओलांडू द्या.

टीव्ही आणि युनिट यांच्यामध्ये ४० मिलिमीटरचा पाइप घाला. एचडीएमआयचे टोक नेहमीच्या २५ च्या पाइपातून आणि बेंडमधून जात नाही, आणि ही केबल उद्या बदलावी लागणार हे नक्की आहे. प्रत्येक पाइपात नायलॉनची एक दोरी ओवून ठेवा. प्लास्टर करण्याआधी प्रत्येक भिंतीशी टेप धरून फोटो काढा. पुढे खिळा ठोकताना तोच नकाशा उपयोगी पडतो.

गंगापूररोडकर :

माझा तंत्राशी संबंध नाही, परंतु आईंबद्दल वाचून लिहावेसे वाटले. माझ्या सासऱ्यांचे अगदी असेच होत होते आणि आम्ही दोन वर्षे टीव्हीलाच दोष देत राहिलो. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येणे कमी होते. स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांचे बळ त्याच पट्टीत असते, म्हणून माणसाला आवाज ऐकू येतो पण शब्द लागत नाही. ‘ऐकू येते आहे, पण कळत नाही’ असे ते म्हणत, तेव्हा आम्हाला त्याचा अर्थ समजला नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे त्यांची श्रवणचाचणी करून घेतली आणि श्रवणयंत्र लावल्यावर ते टीव्हीसमोरच नव्हे, तर जेवणाच्या टेबलावरही पुन्हा बोलू लागले. हल्लीच्या कित्येक श्रवणयंत्रांत टीव्हीचा आवाज बिनतारी पद्धतीने थेट घेण्याची सोय असते. स्पीकर जरूर लावा, परंतु चाचणी त्याआधी करा. ८० हजारांतले काही पैसे कदाचित तिकडे लागतील आणि ते अधिक उपयोगी ठरतील.

देवळालीकर :

मी वेगळे मत मांडतो. घरात वयस्कर व्यक्ती एकटी टीव्ही लावणार असेल, तर रिसीव्हर, टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स असे तीन रिमोट तिच्या हाती देणे योग्य नाही. ज्यात मधली वाहिनी खरोखर स्वतंत्र आहे असा, म्हणजे निदान ३.१ चा साउंडबार घेतला तर संवाद मोठे करण्याची सोय त्यातही मिळते आणि टीव्ही सुरू केला की तो आपोआप सुरू होतो. तारा आत्ता घालून ठेवा, पण यंत्रणा साधी ठेवा.

इंदिरानगरवासी :

सर्वांचे मनापासून आभार. गंगापूररोडकर ताईंचे म्हणणे घरात वाचून दाखवले आणि आईच्या चाचणीची वेळ घेतली आहे. तिला आधी ते पटत नव्हते, पण ‘ऐकू येते, कळत नाही’ हे वाक्य ऐकून ती म्हणाली की हे माझेच आहे.

आणखी तीन शंका आहेत. एक, आई बहुतेक वेळ सेट-टॉप बॉक्सवरच्या वाहिन्या पाहते, तिथे ५.१ मिळते का? दोन, आम्ही तिसऱ्या मजल्यावर आहोत आणि खालच्या घरात लहान बाळ आहे, तर सबवूफर ठेवावा का? तीन, पीओपीचे छत करणार आहोत, त्यात ॲटमॉससाठी, म्हणजे डोक्यावरूनही आवाज देणाऱ्या ध्वनिपद्धतीसाठी, तारा घालाव्यात का?

गोदाकाठ :

देवळालीकरांच्या रिमोटच्या मुद्द्यात तथ्य आहे, परंतु त्यावर उपाय आहे. रिसीव्हर टीव्हीच्या एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेल्या एचडीएमआय जागेला जोडला आणि दोन्हीकडे सीईसीची सोय चालू केली, तर टीव्हीबरोबर तो सुरू होतो आणि टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमीजास्त होतो. मी स्वतः रिसीव्हर सुचवतो, कारण आज पुढचे तीन स्पीकर आणि सबवूफर घेऊन चांगला मधला स्पीकर निवडता येतो आणि सराउंड वर्षभराने घेता येतात. सहा सामान्य स्पीकरांचा संच एकदम घेण्यापेक्षा हे बरे. तीनही पुढचे स्पीकर मात्र एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले घ्या, नाहीतर पात्र पडद्यावर चालत गेले की त्याचा आवाज बदलतो.

टीव्ही वाहिन्यांवरच्या बऱ्याचशा कार्यक्रमांचा आवाज डावा आणि उजवा अशा दोन ध्वनिवाहिन्यांचाच, म्हणजे स्टिरिओ असतो. रिसीव्हर ‘स्टिरिओ’ किंवा ‘डायरेक्ट’वर राहिला तर अशा वेळी मधला स्पीकर पूर्ण गप्प राहील आणि तुम्हाला वाटेल की पैसे वाया गेले. त्यावर ‘डॉल्बी सराउंड’ किंवा तत्सम मोड निवडा. तो दोन्ही ध्वनिवाहिन्यांतला समान भाग, म्हणजे मुख्यतः बोलणे, उचलून मधल्या स्पीकरकडे पाठवतो. ओटीटीवर मात्र बऱ्याचदा खरे ५.१ येते. त्यासाठी टीव्हीच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर असेल तर ते ‘पास-थ्रू’ किंवा ‘ऑटो’ करा. ही एक सेटिंग चुकल्यामुळे महागड्या यंत्रणा वर्षानुवर्षे स्टिरिओ वाजवताना मी पाहिल्या आहेत.

आई ओठांकडे पाहतात, म्हणून ओठ आणि आवाज यांचा मेळ तुमच्याकडे इतरांपेक्षा अधिक मोलाचा आहे. टीव्ही चित्रावर प्रक्रिया करायला थोडा वेळ घेतो, त्यामुळे बॉक्स थेट रिसीव्हरला जोडल्यास आवाज चित्राआधी येऊ शकतो. रिसीव्हरमधल्या ‘ऑडिओ डिले’ने तो १०-१० मिलीसेकंदांनी मागे न्या. बातम्यांचा निवेदक समोर ठेवून हे जुळवा, कारण तो कॅमेऱ्याकडे पाहून स्पष्ट बोलतो. आईंना शेजारी बसवा आणि त्या म्हणतील तिथे थांबा.

सबवूफर ठेवा, पण लहान, आणि जाड रबराच्या किंवा दाट फोमच्या बैठकीवर. खालचे सूर हवेपेक्षा स्लॅबमधून शेजाऱ्याकडे जातात. रिसीव्हरमध्ये ८० हर्ट्झची सीमा ठेवली की त्याखालचे सगळे त्याच्याकडे जाते आणि मधल्या स्पीकरवरचा भार हलका होऊन शब्द मोकळे होतात, हा त्याचा तुमच्यासाठीचा खरा फायदा. खोलीच्या ११ फूट रुंदीत ५१ हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतींमध्ये अडकून फुगणार आहे. त्यासाठी सबवूफर काही वेळ सोफ्यावर, आपल्या बसायच्या जागी ठेवा, ठेका असलेले गाणे लावा आणि स्वतः भिंतीच्या कडेने वाकून फिरा. जिथे ठेका सुटसुटीत ऐकू येईल तीच त्याची जागा. रात्री दहानंतर निवासी भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, तेव्हा ‘नाइट मोड’ लावा. त्यात मोठे आवाज दबतात, हळू बोलणे वर येते, आणि आईंसाठी तो दिवसाही उपयोगी पडेल.

ॲटमॉस चित्रपटगृहांत २०१२ मध्ये आणि घरांत २०१४ पासून आले. स्पीकर आत्ता घेऊ नका, पण छतात दोन तारा बसणाऱ्याच्या डोक्याच्या किंचित पुढे सोडून ठेवा.

शेवटी फरशी. खोलीच्या मध्यावर उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीच्या मागे झण्ण अशी शेपटी ऐकू आली, तर सोफा आणि टीव्ही यांच्यामध्ये जाड सतरंजी किंवा गालिचा आणि बाल्कनीच्या काचेवर चुण्यांचा जड पडदा हवाच. मायक्रोफोन लावून होणारी स्वयंचलित जुळणी, मग ती यामाहाची वायपीएओ असो वा डेनॉनची ऑडिसी, स्पीकरांची अंतरे आणि पातळ्या नीट जुळवते, पण ती प्रतिध्वनी शोषून घेऊ शकत नाही. जुळणी करताना पंखा बंद ठेवा, माइक कानाच्या उंचीवर तिपाईवर लावा, आणि एक माप आईंच्या जागेवरून जरूर घ्या.

इंदिरानगरवासी :

काल रविवारी मित्राकडून त्याचा जुना रिसीव्हर आणि तीन स्पीकर दिवसभरासाठी आणले. हॉल अजून उघडाच आहे, म्हणून स्पीकर विटांच्या चवडींवर ठेवले, सुतळी ताणून आठ फुटांचे अंतर घेतले आणि फरशीवर दोन सतरंज्या व गाद्या पसरल्या. टाळीची शेपटी गाद्या घातल्यावर खरोखर तुटली. सोफ्यावरचे प्लास्टिक काढून आई तिच्या डाव्या टोकाला बसली. आधी मधला स्पीकर बंद ठेवून एक प्रसंग लावला आणि पात्र काय म्हणाले ते तिला विचारले. तिने निम्मे सांगितले. मग त्याच आवाजावर मधला स्पीकर सुरू केला, पातळी तीनने वाढवली आणि दुसरा प्रसंग लावला. दोन नावे सोडली तर सगळे बरोबर सांगितले, आणि सांगताना तिची पाठ सोफ्याला टेकलेली होती.

त्यामुळे आधी पुढचे तीन स्पीकर, सबवूफर आणि रिसीव्हर घेण्याचे ठरले आहे. श्रवणयंत्र लागलेच तर सराउंडचे पैसे तिकडे वळवू. खडूच्या खुणांपैकी डाव्या सराउंडची खूण स्विचबोर्डावर आली होती, तो बोर्ड वायरमन दीड फूट खाली घेत आहे. सराउंडच्या दोन, छताच्या दोन आणि सबवूफरसाठी दोन जागी अशा सहा पाइपांची यादी त्याला दिली आहे, शिवाय टीव्हीमागचा ४० चा वेगळा. तारेचा धागा ब्लेडने खरवडून पाहिला, आत तांबेच निघाले. गवंडी गुरुवारी प्लास्टरला येणार आहे. त्याआधी बुधवारी संध्याकाळी टेप धरून फोटो काढतो आणि इथे टाकतो. काही चुकलेले दिसले तर गुरुवारी सकाळी आठच्या आत सांगावे, ही विनंती.